उद्यानपुष्करिणी आणि अवर्षण : करवीरच्या तळ्यांच्या निमित्ताने

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांच्या हाती एखादे दप्तर आले म्हणजे सनदा, इनामपत्रे, महजर आणि करीने प्रथम वेगळे काढले जातात. वंशावळी त्यामागून निघतात. आणि तळाशी जो हिशेबी ऐवज उरतो तो बहुधा पुन्हा रुमालात बांधून कोनाड्यात ठेवला जातो. क्वचित तो रद्दीच्या वाटेसही लागतो. बागेच्या खर्चाचे कागद या शेवटच्या वर्गात मोडतात. माळ्याची नेमणूक, मोटेचा नाडा, बैलांची वैरण, हौदाची चुन्याने केलेली डागडुजी, गाळ काढणाऱ्या गड्यांची मजुरी, अशा बाबींत इतिहास तो कोणता असावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखकही पुष्कळ वर्षे याच समजुतीत होता. संस्कृत ग्रंथांतील जलाशयविषयक प्रकरणे वाचीत असता ती समजूत पालटली. आणि ती का पालटली हे सांगणे हाच या टिपणाचा हेतू आहे.

विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. अवर्षणाच्या वर्षी, माणसांस व गुरांस पाण्याची ओढ असता, बागेतील तळे राखावे की सोडून द्यावे? आजच्या नागर मनुष्यास याचे उत्तर उघड वाटते. तळे ही शोभेची वस्तू आणि शोभा ही सुकाळातली. सबब तुटवडा येताच तळे आटू द्यावे, आणि आटलेले तळे डास व घाण यांचे घर होऊ लागले म्हणजे बुजवून टाकावे. जुन्या शास्त्रकारांचे मत याच्या नेमके उलट होते. त्यांच्या दृष्टीने तळ्याची खरी परीक्षा उन्हाळ्यातच व्हावयाची, आणि पाणी आटल्याचा काळ हा तळे खणण्याचा काळ होय, बुजविण्याचा नव्हे. करवीर शहराने गेल्या दीड शतकात या दोन्ही मतांचा अनुभव घेतलेला आहे.

कोल्हापुरास पाण्याचा तुटवडा भासावा हेच प्रथम नवल वाटते. शहरात वर्षास सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेस गगनबावड्याकडे त्याच्या कित्येक पट. पंचगंगा शहराच्या उशाशी आहे, आणि २००५, २०१९ व २०२१ या साली तिने शहरात शिरून आपली ओळख पटविली आहे. परंतु हा पाऊस चार महिन्यांत कोसळून वाहून जातो. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत जे काही चालवावयाचे ते साठविलेल्या पाण्यावर. म्हणूनच या शहरास तळ्यांचे शहर व्हावे लागले. रंकाळा हा मूळचा खाणीचा खड्डा, त्यातील दगड देवळांस लागला, असे परंपरेने सांगतात. कोटितीर्थ, कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर, पेटाळा ही नावे तर घरोघरी माहीत होती. करवीरमाहात्म्यात या क्षेत्रातील तीर्थांचा महिमा गायिला आहे. परंतु माहात्म्यकारास तीर्थाचे पुण्य दिसते, त्यातील गाळ दिसत नाही, ही त्या वाङ्मयाची मर्यादा होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या दक्षिणेकडील कात्यायनीच्या झऱ्याचे पाणी नळाने गावातील हौदांत आणिले गेले. आणि १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८३ च्या सुमारास, कळंब्याचा तलाव सिद्ध होऊन तेथील पाणी मंगळवार पेठेतील ‘पाण्याच्या खजिन्या’त येऊ लागले.

नळाचे पाणी दारी आले आणि तळ्याकडे जाणारी पाऊले थांबली. पाऊले थांबली म्हणजे डोळेही थांबतात. आज कपिलतीर्थाच्या जागी मंडई भरते. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आहे. पेटाळ्यात मुले खेळतात. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे आहे. नावे मात्र लोकांच्या तोंडी टिकून आहेत. पाण्यासही आपली जागा स्मरते असे दिसते, कारण पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचले नाही असे वर्ष विरळा.

आता शास्त्राकडे वळू. जलाशयाचे कूप, वापी, पुष्करिणी आणि तडाग असे चार प्रकार धर्मशास्त्रात सांगितले आहेत. कूप म्हणजे विहीर. वापी म्हणजे पायऱ्यांची विहीर, जिला आपण बारव म्हणतो. तडाग म्हणजे बांध घालून केलेला मोठा तलाव. बागेतील तळे बहुधा पुष्करिणीत मोडते. पुष्कर म्हणजे कमळ, हे वाचकांस सांगावयास नको. या जलाशयांच्या प्रतिष्ठेचा विधी मत्स्यपुराणाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात विस्ताराने आला असून, त्याच्या अखेरीस जी फलश्रुती आहे तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले पाहिजे तितके गेलेले नाही. सामान्यतः फलश्रुती म्हटली की वाचक पान उलटतो. परंतु येथे पुण्याची मोजणी तळ्याच्या लांबीरुंदीवर किंवा दगडकामावर केलेली नसून त्यात पाणी किती काळ टिकते यावर केली आहे. केवळ पावसाळ्यात ज्याचे पाणी राहते त्याच्या कर्त्यास अग्निष्टोमाचे फल; हेमंतशिशिरांत टिकले तर वाजपेय व अतिरात्र यांचे; वसंतात टिकले तर अश्वमेधाचे; आणि जे ग्रीष्मातही आटत नाही त्याचे फल राजसूयाहूनही अधिक. यज्ञांची ही चढती भाजणी बाजूस ठेवली तरी तिच्या मुळाशी असलेली व्यवहारदृष्टी लपत नाही. पावसाळ्यात भरलेला खड्डा म्हणजे तळे नव्हे. वैशाखात भरलेले असेल तर ते तळे, असा हा निकष आहे.

हा निकष पुरा करावयाचा कसा, याचे उत्तर पुराणात नाही. ते वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. तेथील दकार्गलाध्याय हा भूमिगत पाण्याच्या शोधासाठी प्रसिद्ध आहे, आणि वारुळे, झाडे व खडक यांवरून पाणी ओळखण्याचे त्यातील नियम पुष्कळांनी वाचले आहेत. परंतु त्याच अध्यायाच्या शेवटी तळे टिकविण्याविषयी जे चार-पाच श्लोक आहेत ते फारसे कोणी पाहत नाही. त्यांतील आशय असा: पूर्वपश्चिम लांबीची पाळ पाणी दीर्घकाळ धरते, दक्षिणोत्तर असलेली धरीत नाही, कारण वाऱ्याने उठणाऱ्या लाटा तिला फोडतात; दक्षिणोत्तरच करावयाची झाल्यास काठ लाकडाने किंवा दगडाने बळकट करावा आणि माती हत्ती-घोड्यांच्या पायांखाली तुडवून घट्ट करावी; काठावर अर्जुन, वड, आंबा, प्लक्ष, कदंब, जांभूळ, वेतस, ताड, अशोक, मोह, बकुळ इत्यादी झाडे लावावी; आणि एका बाजूस जादा पाणी जाण्यास दगडांनी बांधलेली वाट ठेवावी. ही शेवटची वाट म्हणजे आपला सांडवा होय. पाणी गढूळ, खारट किंवा दुर्गंधी असल्यास सुरमा, नागरमोथा, वाळा, घोसाळे, आवळा यांच्या चूर्णात निवळीचे फळ मिळवून ते टाकावे, असेही पुढे सांगितले आहे.

यांतील एकेक सूचना दुष्काळाच्या दृष्टीने वाचून पाहावी. कोल्हापुराकडे वारा मुख्यतः पश्चिमेचा. दक्षिणोत्तर लांब असलेल्या तळ्याची लांब बाजू या वाऱ्याच्या तोंडी येते आणि काठ ढासळून माती तळाशी बसते. पूर्वपश्चिम तळ्याची फक्त आखूड बाजू तोंडी येते. झाडांच्या यादीत बहुतेक झाडे दाट सावलीची आहेत, ही गोष्टही सहजगत्या घडलेली नसावी. उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसास अर्धा ते एक सेंटिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर शंभर दिवसांत दीड ते तीन फूट पाण्याची वजाबाकी होते. चार फूट खोल आणि ऐसपैस पसरलेल्या तळ्याच्या पोटात त्यानंतर चिखलच उरावयाचा. तेच पाणी आठ फूट खोल व निम्म्या रुंदीच्या तळ्यात असते तर निम्म्याहून अधिक शिल्लक राहिले असते. म्हणजे तळे जितके उथळ व पसरट तितके ते अवर्षणास बळी पडणार. आणि तळे उथळ कशाने होते? गाळाने. सारा प्रश्न अखेर गाळापाशी येऊन थांबतो.

गाळाविषयी धर्मशास्त्रात एक विलक्षण नियम आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात, दुसऱ्याच्या जलाशयात स्नान करणाऱ्याने आधी मातीचे पाच गोळे बाहेर काढावे, तसे केल्यावाचून स्नान करू नये, असे सांगितले आहे. मनूनेही परक्याच्या पाणवठ्यावरील स्नान निषिद्ध मानून, तसे करणाऱ्यास तळे खणणाऱ्याच्या पापाचा अंश लागतो असे म्हटले आहे. टीकाकार या पिंडोद्धाराचा संबंध पापाशी लावतात आणि तो त्यांनी लावावा हे योग्यच. आमचा तर्क थोडा निराळा आहे. रोज शे-पन्नास माणसे ज्या पुष्करिणीवर येतात, तेथे प्रत्येकाने पाच मुठी गाळ काठावर टाकिला तर वर्षाकाठी किती गाड्या गाळ निघेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. हा नियम मूळ कोणत्या हेतूने झाला हे सिद्ध करण्यास साधन नाही; परंतु त्याचा परिणाम काय व्हावा हे स्पष्ट आहे. पाणी वापरणारा तोच तळ्याचा रखवालदार, अशी ही व्यवस्था होती.

मिताक्षराकार विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारचा, म्हणजे आपल्याच मुलखाचा. त्याच्या मते पंचपिंडांचा हा नियम जे जलाशय सर्वांसाठी उत्सर्ग केलेले नाहीत त्यांनाच लागू आहे. उत्सर्ग म्हणजे ‘हे पाणी सर्व भूतांचे’ असे म्हणून स्वामित्व सोडणे. या विषयावर नीलकंठ भट्टांचा उत्सर्गमयूख हा स्वतंत्र ग्रंथ आहे. सतराव्या शतकातील हे पंडित काशीस राहिले तरी त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. उत्सर्गानंतर तळे खणविणाराचे त्यावर धनी म्हणून काही चालत नाही. सर्व भूतांपैकी एक या नात्याने त्याने पाणी घ्यावे. बागेतील पुष्करिणीचा उत्सर्ग झालेला आहे की नाही, यावर दुष्काळात तिचे भवितव्य ठरत असणार, हे उघड आहे. जिचा उत्सर्ग झाला तीवर गावाचा हक्क, आणि हक्काबरोबर गाळ काढण्याची जबाबदारीही. जिचा झाला नाही ती धन्याच्या ऐपतीवर जगावयाची किंवा मरावयाची.

काव्यातील उद्यानपुष्करिणी वेगळी. सोमेश्वर चालुक्याच्या मानसोल्लासात (शके १०५१, इ. स. ११२९) वनक्रीडा व सलिलक्रीडा यांची वर्णने आहेत, तेथे राजा, अंतःपुर आणि कमळे आहेत, फाल्गुनात पाणी किती उरले याची चौकशी नाही. ग्रंथ अमोल आहे. परंतु आपल्या प्रश्नास तो उपयोगी पडत नाही.

याच काळचे करवीरचे शिलाहार या बाबतीत अधिक बोलके आहेत. गंडरादित्य शिलाहाराच्या शके १०३२ (इ. स. १११०) च्या दानलेखावरून, त्याने मिरिंज देशातील इरुकुडी गावी ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव बांधविला आणि त्याच्या काठच्या शिव, बुद्ध व अर्हत् यांच्या देवालयांस भूमिदान केले, असे कळते. एकाच पाण्याच्या काठी तीन धर्मांची देवळे, ही गोष्ट इतिहासकारांनी धार्मिक औदार्याचे उदाहरण म्हणून पुष्कळ वेळा उद्धृत केली आहे. तलावाच्या बाजूने पाहता तिचा आणखी एक अर्थ निघतो. ज्या पाण्याला तीन देवस्थाने लागून आहेत त्याची काळजी वाहण्यास तीन देवस्थानांची उत्पन्ने व तीन समाजांची माणसे लागलेली आहेत. त्याच्या मागून विजयादित्याच्या कारकीर्दीतील, कागलजवळच्या बामणी येथील शके १०७३ च्या लेखात जिनालयास शेत व घर यांबरोबर एक पुष्पवाटीही मोजून दिलेली आहे. फुलबाग दान द्यावयाची तर तिला बारमाही पाणी हवे. देवाची पूजा उन्हाळ्यात बंद ठेवता येत नाही.

बागेच्या पाण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांस यातील मर्म लगेच कळेल. विहिरीवर पहाटे मोट चालावयाची. थारोळ्यात पडलेले पाणी पाटाने हौदात किंवा तळ्यात यावयाचे, आणि ऊन उतरल्यावर तेथून वाफ्यांस जावयाचे. तळे हे पाण्याचा शेवटचा मुक्काम नव्हते, मधला टप्पा होते. त्यात पाणी उभे राही तेवढा वेळ ते डोळ्यांस निववी, माश्यांस जगवी, गारवा देई, आणि मग झाडांच्या मुळाशी जाई. एकच पाणी दोनदा कामास येत असल्यामुळे, तुटवड्याच्या वर्षी बाग उणी करीत, वाफे कमी करीत, परंतु तळे कोरडे टाकीत नसत. उलट आजच्या पुष्कळ बागांतील तळ्यांस पाणी येण्याची वाट आहे, पुढे जाण्याची नाही. असे तळे शोभेचेच असते आणि म्हणून पहिल्या टंचाईत त्यावर गदा येते.

येथे स्वतःचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या परसात चार हात लांब व दोन हात खोल असा दगडी हौद आहे. एका उन्हाळ्यात नळास दिवसाआड पाणी येऊ लागले तेव्हा घरातील तरुण मंडळींनी हौद मोडून तेथे गाडी उभी करण्याचा विचार मांडिला. आम्ही एक वर्षाची मुदत मागून घेतली. हौद रिकामा करून तळाचा वीतभर गाळ बाहेर काढिला तो आळ्यांस घातला. पश्चिमेच्या बाजूस छाया केली. कमळाची पाने पसरू दिली. आणि झाडांस नळाचे पाणी देणे बंद करून हौदातीलच द्यावयाचे, जेवढे काढले तेवढेच हौदात भरावयाचे, असा नियम घातला. घरच्या पाण्याचा खर्च पूर्वीइतकाच राहिला आणि हौद ज्येष्ठापर्यंत भरलेला राहिला. पाणी गढुळले तेव्हा निवळीची बी सहाणेवर उगाळून घातली. रात्रीतून पाणी निवळले. वराहमिहिरावर विश्वास नव्हता असे नाही, परंतु परीक्षा घेतल्याने विश्वास वाढतो.

डासांचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे रोनाल्ड रॉस याने १८९७ साली दाखवून दिले, आणि त्यानंतर साठलेले पाणी म्हणजे रोगाचे घर असे समीकरण रूढ झाले. मुंबईत डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालानंतर कितीएक विहिरी झाकल्या वा बुजविल्या गेल्या. धोबी तलाव, गवालिया टँक ही तेथील नावे आज पाण्यावाचूनच नांदत आहेत. ज्या काळी घरोघर माणसे तापाने फणफणत होती त्या काळच्या अधिकाऱ्यांस दोष देणे सोपे, परंतु न्याय्य नव्हे. तथापि डास वाढतात ते टाकून दिलेल्या पाण्यात. ज्यात मासे आहेत आणि ज्यातील पाणी रोज थोडे हलते-बदलते, अशा हौदात अळी टिकत नाही. गप्पी मासे सोडण्याचा आरोग्य खात्याचा उपाय याच तत्त्वावर आहे. येथेही दोष पाण्याचा नसून दुर्लक्षाचा आहे.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास तळे करविले, त्यात बेटासारखी बाग राखिली, आणि १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत तेथे गणपतीची स्थापना झाली. तळे पुढे आटले, भरले गेले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जागी सारसबाग झाली. तळ्यात बाग होती, आता बागेत तळे आहे, आणि तेही लहानसे. भाविक मात्र अद्यापि ‘तळ्यातल्या गणपती’सच नमस्कार करितात.

अवर्षण हा गाळ काढण्याचा काळ, हे तत्त्व महाराष्ट्रातून अगदीच नाहीसे झाले होते असे नाही. शाहू छत्रपतींनी १८९९-१९०० च्या दुष्काळाचा अनुभव ताजा असता १९०२ साली संस्थानचे पाटबंधाऱ्यांचे धोरण आखिले, त्यात जुन्या विहिरी-तळ्यांची दुरुस्तीही होती. भोगावतीवरील राधानगरीचे मोठे धरण पुढे १९०७ नंतरचे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी पोटासाठी पाझर तलाव खणले. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात कळंब्याचा तळ उघडा पडला तेव्हा त्यातील गाळ काढून शेतांत नेण्यात आला. कोरडा तलाव पाहून हळहळणारे पुष्कळ होते. गाळाच्या गाड्या मोजणारे थोडे. पुराणकाराने दुसऱ्यांसच अधिक पुण्य दिले असते असे आम्हास वाटते.

शहराच्या मध्यभागी, श्रीअंबाबाईच्या देवळाच्या आवारात, मणिकर्णिका नावाचे कुंड होते. विसाव्या शतकात ते बुजविण्यात आले व वर बाग झाली. नव्या पिढीस त्या जागी कुंड होते याची आठवणही राहिली नव्हती. २०२० च्या सुमारास ते पुन्हा उकरण्यास आरंभ झाला. माती निघत गेली तशी दगडी बांधणी उघडी पडली, अनेक जुन्या वस्तू सापडल्या, आणि तळाशी झरे लागले. साठ-सत्तर वर्षे मातीखाली दडपलेले पाणी आपल्या जागीच होते.

अशा कुंडांचा गाळ कोणत्या वर्षी, कोणाच्या खर्चाने, किती माणसे लावून काढिला जाई, याचे उत्तर कोणत्याही माहात्म्यात वा शिलालेखात मिळावयाचे नाही. ते मिळाले तर देवस्थानांच्या, सरदारांच्या आणि वाड्यांच्या मोडी हिशेबांतच मिळेल. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील रुमालांत तसे कागद पाहावयास हवेत, आणि त्याहूनही अधिक, खाजगी संग्रहांतील त्या कोनाड्यातल्या गाठोड्यांत. ज्यांच्या संग्रही बाग, हौद, तळे किंवा कारंजे यांच्या खर्चाची बंदे असतील त्यांनी ती तारीखवार लावून, विशेषेकरून दुष्काळाच्या सालांतील बंदांत ‘गाळ’ या बाबीखाली काही रक्कम पडली आहे काय, एवढे पाहावे. तेवढ्या नोंदीची नक्कल, सालासह, मंडळाकडे पाठविल्यास ती क्रमाने छापण्याची व्यवस्था करता येईल.